रागाचा तास कोणाच्या वेळेतून?

शाळेत राग आणि ताण हाताळायला शिकवावे का, यावर मराठवाड्यातील माझ्या आप्तांत आणि शिक्षक मित्रांत दोन तट आहेत. एकाला प्रत्येक शाळेत समुपदेशक हवा. दुसरा विचारतो, छडी खाऊनच शिकलो, आमचे काय बिघडले? छडीचा प्रश्न खरे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने निकालात काढला आहे; त्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. समुपदेशकाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थांना तो नेमण्याचे निर्देश दिले, पण वस्तीवरच्या कित्येक जिल्हा परिषद शाळांचा पट तेवढा नसतो.

जर्मनीत, जिथे माझी मुले शिकतात, अनेक शाळांत आठवड्यातून एकदा वर्गसभा भरते. अध्यक्ष विद्यार्थी, इतिवृत्त लिहिणाराही विद्यार्थी. तक्रारी आधी लिहून द्यायच्या, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचेही ऐकायचे, आणि ठरलेला उपाय पाळला गेला का, हे पुढच्या सभेत तपासायचे. दीर्घ श्वास घ्यायलाही शिकवतात, पण ते दुय्यम. गाऱ्हाणे मांडायला हक्काची जागा आहे, हे मुलाला कळणे महत्त्वाचे. (हा देश ताणमुक्त आहे, असे मात्र कोणी समजू नये: बहुतेक राज्यांत चौथीनंतरच पुढच्या शाळेचा प्रकार ठरतो आणि त्या वर्षी घरोघरी पालकांचीच झोप उडते.)

आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले आणि स्वतः आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेले बीडचे मूल फेब्रुवारीत वर्गात कोणाला मारत असेल, तर त्याला दहा आकडे मोजायला सांगणे म्हणजे त्याला गप्प बसवणेच होय. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा पुन्हा देणाऱ्या, लातूरच्या रिपीटर बॅचमधील मुलीचा ताणही श्वासाचा नसतो. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण वजा होतो आणि सराव परीक्षेचा आकडा घरी कळवावा लागतो, हे तिचे दुखणे आहे.

पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम २०२४ मध्ये शासनानेच आणला, त्यात ताणतणाव हाताळणे आहेच. त्यातला एक तास वर्गसभेला दिला, तर नवे पद लागणार नाही. अडचण नववीपासून पुढे आहे, कारण तिथे मुलांचा दिवस शाळेपेक्षा क्लासच्या हाती असतो. म्हणून या चर्चेला शिक्षकांबरोबर क्लासचालकांनाही बोलवावे लागेल, आणि तेच सर्वांत आधी वेळ नसल्याचे सांगतील.