दुपारी घेतलेल्या त्या फोटोबद्दल आमचे म्हणणे

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

नव्या घरांची तपासणी आणि अंगणाची कामे करणाऱ्या आमच्या संस्थेला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. दुबईत घेतलेल्या टाउनहाऊसचे मागचे अंगण जुलै संपत आला तरी अर्धवट होते, वरच्या खोलीचा एसी गार करत नव्हता, आणि दुपारी सव्वा वाजता आपण अचानक आलात तेव्हा आमची माणसे गाडीच्या शेडखाली झोपलेली दिसली, असे आपण म्हटले आहे. पुण्याहून सहकुटुंब येऊन स्वतःचे घर असताना आपणास हॉटेलात उतरावे लागले, त्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

परंतु झोपलेल्या माणसांचा फोटो टाकून त्याखाली ‘पैसे कशाचे घेतात ते बघा’ असे आपण लिहिले आहे, त्याबद्दल गप्प राहणे आम्हाला जमणार नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर, थेट उन्हात काम करून घेण्यास मनाई आहे. हा नियम मनुष्यबळ मंत्रालयाचा आहे, आमच्या सोयीचा नाही. तो मोडल्यास दर कामगारामागे ५,००० दिऱ्हॅम आणि जास्तीत जास्त ५०,००० दिऱ्हॅम दंड होतो, शिवाय कामगारांना विश्रांतीसाठी सावलीची जागा देणे हीही त्यांना कामावर ठेवणाऱ्याचीच जबाबदारी असते. आपल्या घरी तशी सावली फक्त गाडीच्या शेडखाली होती. सकाळपासून उन्हात फरशी उचलणारा माणूस त्या वेळेत डबा खाऊन आडवा होणार नाही तर काय करणार?

मग सकाळी लवकर काम का काढले नाही, असे आपण विचाराल. आपल्या वसाहतीत आठच्या आधी आवाजाचे काम चालत नाही, संध्याकाळी सहाला सगळे थांबवावे लागते आणि रविवारी पूर्ण बंद असते. त्यातून उन्हाळ्यात दुपारच्या मनाईचे अडीच तास जातात. जे उरतात त्यांतही फरशी सावलीत ठेवून लावावी लागते, कारण उन्हात तापलेल्या फरशीखाली चिकटवायचा माल पसरेपर्यंतच त्यावर साय धरते, आणि तशी बसवलेली फरशी पुढे बोटाने ठोकली की बद्द वाजते. आमच्या गवंड्याने अशा दोन रांगा स्वतःहून उखडून पुन्हा बसवल्या. त्या दिवशी आपण पाहिलेले ‘उखडलेले काम’ ते हेच. घाईत बसवून झाकून टाकले असते तर आपल्याला तेव्हा कळलेही नसते.

हे काम उन्हाळ्यात जावे अशी आमचीही इच्छा नव्हती. आपण दुबईत नसल्यामुळे वसाहतीच्या व्यवस्थापनाकडे आपल्या वतीने एनओसी मागण्यासाठी आमच्याकडे मुखत्यारपत्र हवे होते, आणि एनओसीशिवाय फाटकातून सिमेंटची गोणीही आत जात नाही. आपण पाठवलेल्या मुखत्यारपत्रावर अपोस्टिल (अनेक देशांत चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का) होते, जे इथे चालत नाही. नोटरीनंतर राज्याचा गृह विभाग, परराष्ट्र मंत्रालय, यूएईच्या वकिलातीचे कार्यालय आणि शेवटी इथले परराष्ट्र मंत्रालय असे शिक्के लागतात, वर अरबी भाषांतर वेगळे. हे आम्ही मार्चमध्येच लेखी कळवले होते आणि तो मेसेज आमच्याकडे आजही आहे. कागद हाती आले तेव्हा जून लागला होता.

एसीचा विषय वेगळा आहे. तो, न्हाणीघरातला उलटा उतार आणि जिन्याखालचा गळणारा पाइप या तिन्ही गोष्टी आम्ही हँडओव्हरच्या, म्हणजे घराचा ताबा घेतानाच्या, तपासणीत फोटोंसह नोंदवून दिल्या होत्या. त्या दुरुस्त करणे डेव्हलपरचे काम आहे. वीज, नळ आणि एसी यांतील दोषांची जबाबदारी कायद्याने हँडओव्हरपासून एक वर्ष त्याच्यावर असते, आणि बांधकामाच्या मूळ सांगाड्याची पूर्णत्वाच्या दाखल्यापासून दहा वर्षे. त्यांनी दुरुस्त करण्याआधी आम्ही एसीला हात लावला असता तर ‘बाहेरच्या माणसाने बिघडवले’ असे म्हणायला त्यांना आयते कारण मिळाले असते, आणि तो खर्च आपल्याच खिशातून गेला असता. डेव्हलपरने केलेल्या दिरंगाईचा तारा आमच्या नावावर जावा, हे आम्हाला पटत नाही.

‘मराठी माणूस म्हणून काम दिले आणि फसलो’ हे वाक्य मात्र फार लागले. आमचे काम एकाने दुसऱ्याला सांगितल्यावरच मिळते, आणि आपला अभिप्राय वाचून एका कुटुंबाने ठरलेली तपासणी रद्द केली आहे.

अंगणातल्या पर्गोल्याचे, म्हणजे खांबांवरच्या मांडवाचे, खांब उभे आहेत. वरची पट्टी आणि रंग ऊन थोडे उतरले की करून देऊ, त्यासाठी जास्तीचे पैसे घेणार नाही. उन्हाळ्यातील कामाचे तास यापुढे करारातच लिहून द्यावेत, असाही विचार चालू आहे.

एक विनंती आहे. आमच्याबद्दल जे लिहिले ते आपण हवे तर तसेच ठेवावे, परंतु फोटोत दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतात आणि त्यांना विचारून तो काढलेला नाही. इथला कायदाही याबाबत कडक आहे. त्यांतल्या एकाच्या मुलाने गावी तो मोबाइलवर पाहिला आणि बापाला फोन करून विचारले. निदान तेवढा फोटो आपण काढून टाकावा.

आपला नम्र,
मालक