कोण ही मार्गारेट हॅलो?

परवा सकाळी साडेसहाला, गुलाबाच्या फुलासकट, आमच्या मामांनी कुटुंबाच्या ग्रुपवर तो निरोप पुन्हा टाकला. तुमच्याकडेही आला असेलच. म्हणणं असं: फोन उचलल्यावर आपण ‘हॅलो’ म्हणतो ते एका मुलीचं नाव आहे. मार्गारेट हॅलो ही टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलची प्रेयसी. फोन तयार झाल्यावर त्यानं पहिल्यांदा तिलाच हाक मारली, आणि तेव्हापासून सारं जग ‘हॅलो’ म्हणतंय. शेवटी डोळ्यांत पाणी आणणारं वाक्य: लोक बेलला विसरतील, पण त्याच्या प्रेयसीला नाही. खाली अकरा जणांचे जोडलेले हात.

मामा, रागावू नका, पण बेल नावाचा माणूस होता आणि त्यानं टेलिफोन केला, एवढं वगळलं तर यातलं काहीच उरत नाही. (श्रेयाचे वादही आहेत, ते आज राहू देत.)

आधी बाईंबद्दल. बेल कुटुंबाची पत्रं, वह्या, टिपणं असे लाखाहून जास्त कागद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यांवरून जाडजूड चरित्रं लिहिली गेली. त्यांत मार्गारेट हॅलो नाही. जी आहे ती मेबल हबर्ड. बेल बॉस्टनमध्ये बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायचा, तिथं ती त्याची विद्यार्थिनी म्हणून आली. तो तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. तिच्या अठराव्या वाढदिवशी, २५ नोव्हेंबर १८७५ ला, दोघांचं लग्न ठरलं. म्हणजे फोन पहिल्यांदा बोलला तेव्हा बेलचा साखरपुडा होऊन गेला होता, आणि मुलीचं नाव सगळ्या घराला ठाऊक होतं.

मी वर ‘विद्यार्थिनी’ म्हटलं, त्यातच या निरोपाची खरी पंचाईत आहे. पाच वर्षांची असताना मेबलला स्कार्लेट फीव्हर झाला आणि तिची ऐकण्याची शक्ती पूर्ण गेली. ती ओठ वाचून समोरच्याचं बोलणं समजून घ्यायची, तेही इतकं सफाईनं की नव्या माणसाच्या लवकर लक्षातही येत नसे. पण तारेच्या दुसऱ्या टोकाला ओठ दिसत नाहीत. बेलला जिला हाक मारायची होती, तिला त्याच्या यंत्रातून एक अक्षरही कधी ऐकू येणार नव्हतं. निरोप लिहिणाऱ्यानं प्रेमकथा रचायला नेमकं हेच जोडपं निवडलं!

पहिल्या शब्दांचं म्हणाल, तर ते बेलच्या वहीत लिहिलेले आहेत. १० मार्च १८७६, बॉस्टन. शेजारच्या खोलीत असलेल्या आपल्या मदतनिसाला तो म्हणाला: मिस्टर वॉटसन, इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय. ना ‘हॅलो’, ना मार्गारेट.

मग ‘हॅलो’ आलं कुठून? इथं थोडं थांबतो, कारण खरी गोष्ट जास्त गमतीची आहे. हा शब्द बेलच्या जन्माआधीपासून इंग्रजीत छापला जात होता. ‘हॅलो’, ‘हलो’, ‘हुलोआ’ अशा रूपांत, लांबच्या माणसाचं लक्ष वेधायला किंवा आश्चर्य वाटलं की तोंडातून निघणारा. आपल्याकडे शेताच्या बांधावरून ‘ए हो’ ओरडतात, त्या जातीचा. सुरुवातीचे फोन दोन कचेऱ्यांमध्ये कायम जोडलेले असत. तार चोवीस तास उघडी. प्रश्न एवढाच की पलीकडच्या माणसाला यंत्राजवळ बोलवायचं कसं? घंटा बसवावी का? १५ ऑगस्ट १८७७ ला थॉमस एडिसननं पिट्सबर्गच्या एका तार कंपनीच्या अध्यक्षाला पत्र लिहून कळवलं की घंटेची गरज पडेल असं मला वाटत नाही, ‘हॅलो’ ही आरोळी दहावीस फुटांवरून ऐकू येते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये निघालेल्या फोनच्या यादीत ग्राहकांना सूचना होती की बोलणं ‘हुलोआ’नं सुरू करा. झालं, शब्द चिकटला. थोड्याच वर्षांत एक्स्चेंजमधल्या मुलींना लोक ‘हॅलो गर्ल’ म्हणू लागले.

तारखा जरा शेजारी ठेवून बघा. बेल आणि मेबलचं लग्न ११ जुलै १८७७ चं. एडिसनचं पत्र त्यानंतर पाच आठवड्यांनी. म्हणजे प्रेयसीच्या आठवणीत रुजलेला म्हणून जो शब्द आपण मिरवतो, तो बेलच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यानं सुचवलेला. खुद्द बेलला ‘हॅलो’ आवडत नसे. त्याची पसंती ‘अहॉय’ या खलाशांच्या हाकेला, आणि तो शेवटपर्यंत तीच वापरत राहिला. त्याचं चाललं असतं तर आज सदाशिव पेठेत फोन उचलल्यावर जवळजवळ ‘अहो’ ऐकू आलं असतं. ते आपल्याला जास्त शोभलंही असतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या राज्य शासनानं कचेऱ्यांतून ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आदेश काढला होता. त्या बाजूचे असा की विरोधातले, वाद घालताना मार्गारेटबाईंना साक्षीला आणू नका, एवढंच.

आता ते डोळे ओलावणारं शेवटचं वाक्य: बेल विसरला जाईल, प्रेयसी नाही. घडलं नेमकं उलट, आणि ते कळायला कॅनडात जावं लागतं. नोव्हा स्कोशिया प्रांतात केप ब्रेटन नावाचं बेट आहे. त्याच्या पोटात ब्रा-दोर हे खाऱ्या पाण्याचं सरोवर, अटलांटिकला जोडलेलं, आपल्याकडची मोठी खाडीच म्हणा ना. तिच्या काठावर बडेक हे गाव. वस्ती हजाराच्या आत. १८८५ मध्ये बेल दांपत्य इथं आलं आणि गावाच्या प्रेमात पडलं. एडिनबर्गमध्ये जन्मलेल्या बेलला इथल्या डोंगरांत आणि लोकांच्या गेलिक भाषेत आपलं स्कॉटलंड भेटलं, शिवाय वॉशिंग्टनच्या उन्हाळ्यातून सुटका. समोरच्या टेकडीवर त्यांनी घर बांधलं, नाव गेलिकच: बेन व्ह्रिया, म्हणजे सुंदर डोंगर.

बडेकची माणसं मोजायला बसलं की बेलनंतर जॉन मॅककर्डीचं नाव येतं. गावचाच मुलगा, बेलच्या चिटणिसाचा. २३ फेब्रुवारी १९०९ ला गोठलेल्या खाडीच्या बर्फावरून त्यानं ‘सिल्व्हर डार्ट’ हे विमान उडवलं. यंत्रावर चालणाऱ्या विमानाचं कॅनडातलं हे पहिलं उड्डाण, जेमतेम अर्धा मैल. पुढे तो नोव्हा स्कोशियाचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. केसी बाल्डविन हा बेलचा दुसरा तरुण सहकारी. बेल आणि बाल्डविन यांच्या एचडी-४ या पाण्यावरून सरपटणाऱ्या बोटीनं १९१९ मध्ये ताशी ११४ किलोमीटरचा विक्रम त्याच सरोवरात केला.

या सगळ्यामागचा पैसा कुणाचा? विमानं करणारी मंडळी १९०७ मध्ये एकत्र आली ती मेबलच्या सूचनेवरून. सुरुवातीचे २० हजार डॉलर तिनं स्वतःच्या मिळकतीतून घातले, पुढे आणखी दिले. स्वतःची मिळकत तिच्याकडे होती, कारण बेलनं लग्नात आपले टेलिफोन कंपनीचे दहा शेअर सोडून बाकी सगळे, जवळजवळ पंधराशे, तिच्या नावावर केले होते. मला विचाराल तर प्रेमाचा पुरावा म्हणून हाही काही कमी नाही.

आणि हे पाहा. १८९१ मध्ये मेबलनं बडेकमधल्या बायकांसाठी एक क्लब काढला. एकत्र जमायचं, जगातल्या विषयांवर बोलायचं, वाद घालायचा. ऐकू न येणाऱ्या बाईनं काढलेली गप्पांची जागा! तो क्लब टिकला. पण १९२२ मध्ये बेल वारल्यावर क्लबला नाव दिलं गेलं अलेक्झांडर ग्रॅहम बेल क्लब. तिनं काढलेल्या क्लबावरही त्याचंच नाव. विसरलं कोण गेलं ते तुम्हीच बघा.

एक खुलासा करायलाच हवा, नाहीतर मीही तुमच्यासारखाच गोड निरोप लिहितोय असं होईल. बेल काही संत नव्हता. बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी लग्नं केली तर माणसांत बहिऱ्यांची वेगळी जात तयार होईल, असा निबंध त्यानं १८८३ मध्ये वाचला. शाळांतून हातवाऱ्यांच्या भाषेला त्याचा विरोध होता. कर्णबधिर समाजात त्याच्याबद्दल आजही राग आहे, आणि तो अकारण नाही. ज्याची आई आणि बायको दोघींनाही ऐकू येत नव्हतं, त्याच माणसाचे हे विचार. मार्गारेटच्या गुलाबी कहाणीत हा सगळा पेच बेमालूम पुसला जातो.

‘कुणाचं काय बिघडतंय, गोड गोष्ट आहे,’ असं मामी म्हणाल्या. मामी, खोट्या बाईला जागा देताना खरी बाई ढकलली जाते, एवढं बिघडतं.

४ ऑगस्ट १९२२ ला बेन व्ह्रियावर बेलला मूठमाती दिली, तेव्हा उत्तर अमेरिकेतले फोन एक मिनिट बंद ठेवले होते. मेबल पाच महिन्यांनी, ३ जानेवारी १९२३ ला गेली. तिची रक्षाही त्याच टेकडीवर, त्याच्या शेजारी आहे.

प्रेमाचाच निरोप पाठवायचा असेल, मामा, तर १९०३ सालचा एक फोटो आहे, बडेकचा. बेल तेव्हा त्रिकोणी चौकटी जोडून भलेमोठे पतंग करायचा. तशा एका चौकटीच्या आत मेबल उभी आहे, बाहेरून वाकून पिकल्या दाढीचा बेल तिचं चुंबन घेतोय. तो टाका ग्रुपवर, खुशाल गुलाबासकट. खाली नाव तेवढं नीट लिहा: मेबल.