मिठागराला रिकामी जागा म्हणू नका

परवा मावशीचा फोन आला. गिरगावातली तिची पागडीची इमारत पाडून नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ती संक्रमण शिबिरात आहे. भिंतींना ओल, नळाला पाणी सकाळी पाऊण तास. मी इथे खाडीबद्दल लिहितो ते ती वाचते. म्हणाली, "तुझे पक्षी सुखाने जगू देत रे बाबा, पण माझं घर कधी होणार तेही लिही की."

तिचा राग रास्त आहे, म्हणून आधी तिच्याबद्दलच.

मुंबईत नियमांच्या जाचाने माणसं पिचतात, हे खरंच आहे. सीआरझेडमुळे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाला आवर घालणाऱ्या नियमांमुळे, किनाऱ्यालगतच्या कित्येक जुन्या इमारतींचा एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्याचं प्रमाण, १९९१च्या पातळीवर गोठला होता. सीआरझेडच्या २०१९च्या अधिसूचनेने तो मोकळा केला, आणि ते मला पटतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतायत, लाकडी जिने टेकूंवर उभे आहेत, तिथे अट सैल करून समुद्राचं नवीन काही हिरावलं जात नाही. पण मावशीचं घर कशाने अडलं? तिच्याकडचे सगळे कागद मी दोन रविवार बसून वाचले. पर्यावरणाची एकही हरकत त्यात नाही. भाडेकरूंच्या यादीवरून वाद झाला, मग बिल्डरचे पैसे संपले, काम जोत्यावर थांबलं, आता कोर्टात तारखा पडतायत. त्यामुळे "पर्यावरणवाल्यांमुळे मुंबईत घरं होत नाहीत" असं कोणी म्हणालं की मला तिचा तो कागदांचा गठ्ठा आठवतो.

आता त्याच २०१९च्या अधिसूचनेची दुसरी बाजू. खाडीकाठचा संरक्षित पट्टा तिने १०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. त्याआधी २०१७च्या पाणथळ नियमांत व्याख्येतूनच मिठागरं वगळली गेली. म्हणजे पाणी तिथेच राहिलं, कागदावर मात्र ती जागा पाणथळ उरली नाही. आणि २०२४मध्ये कांजूर, भांडुप, मुलुंडची २५५.९ एकर मिठागरं धारावी पुनर्विकासातल्या भाडेघरांसाठी द्यायचं ठरलं.

आम्ही भांडुप पूर्वेचे, गावातले. माझे आजोबा मिठागरावर कामाला होते. पावसाळ्यात ओहोटी लागली की बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, उघडायची, भरती चढायच्या आत ती पाडायची, यावर त्यांचा दिवस चालायचा. भिंतीवर कालनिर्णय असायचं, पण ते तिथी बघायचे ती पाण्यासाठी. अष्टमीला पाणी मंद, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, त्या रात्री आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं. आई भांडी माळ्यावर चढवत होती. आजोबा दारात काठी रोवून बसले होते, काठीवर चुन्याची खूण केलेली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "थांबलं. आगरात उतरतंय."

यात चमत्कार काही नाही. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तेही ओहोटी असेल तर. भरतीला त्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि शहरातलं पाणी शहरातच तुंबतं. तेव्हा ओहोटी लागेपर्यंत ते पाणी धरून ठेवायला सखल, मोकळी जागा लागते. मिठागर नेमकं तेच करतं. तिथे दोन मीटर भराव टाकून इमारत उभी केली, तर ती इमारत कदाचित कोरडी राहील. तिच्या वाटचं पाणी मग आमच्या घरात येईल.

धारावीकरांना घरं मिळू नयेत असं मला वाटतं, असा अर्थ कृपा करून काढू नका. उलट मला याचाच संताप येतो, की जे धारावीतल्या घरासाठी अपात्र ठरले, ज्यांच्या हातात शहरात सर्वांत कमी आहे, त्यांनाच उचलून पाण्याच्या जागेवर नेऊन बसवायचं. धारावीची जमीन धारावीतच आहे ना?

"नियम सैल केले की घरं स्वस्त होतील" हे आपण आधीही ऐकलंय. गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं आठवतंय? १९९१चा नियम ढोबळमानाने साधा होता: साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती झाली, की ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. बांधकामाखालची सगळी जमीन हिशेबातून बाहेर. २००६मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लालबाग-परळच्या किती गिरणी कामगारांना तिथे घर मिळालं, ते ज्याच्या त्याच्या घरी विचारा. पुढे २००७मध्ये कमाल जमीन धारणा कायदाही गेला. घरं स्वस्त झालेली मला तरी दिसली नाहीत.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. मावशीच्या इमारतीसारख्या ठिकाणी परवानगी एका खिडकीवर द्या, यादीचा वाद सोडवायला मुदत घाला, पैसे संपलेल्या बिल्डरला बाजूला करायचा अधिकार भाडेकरूंना खरोखर वापरता येऊ द्या. तिथे हवं तेवढं सैल करा, मी तुमच्या बाजूने बोलेन. खाडी, खाजण, कांदळवन, मिठागर यांना मात्र हात लावू नका. तिवरं, म्हणजे कांदळवनातली झाडं, तोडणं हा जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्येच सांगितलंय.

ज्यांना मिठागर म्हणजे पडीक जागा वाटते, त्यांनी येत्या पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी भांडुपला यावं. स्टेशनवरून पूर्वेला उतरा, मला मेसेज करा, मी न्यायला येतो. आजोबांची काठी अजून घरात आहे.