खुलासा: मोअरची बॅटरी पूर्ण उतरवून चार्ज करायची गरज नाही

‘बॅटरीवर चालणाऱ्या लॉन मोअरची (गवत कापायच्या यंत्राची) बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, नाहीतर तिची क्षमता घटते,’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. आताच्या मोअरमध्ये बहुतेक लिथियम-आयन बॅटरी असते आणि तिला वारंवार पार तळाला नेणंच बाधतं. अर्धी उतरलेली असतानाही खुशाल लावा. फक्त कापणी झाल्या झाल्या नको. पॅक हाताला गरम लागतोय तोवर थांबा. हंगाम संपला की निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून कोरड्या, थंड जागी ठेवा.

मोअर मध्येच बंद पडला की ‘बॅटरी गेली’ हेही सर्रास ठोकून दिलं जातं. आधी बॅटरी आणि सेफ्टी की (मोअर चुकून सुरू होऊ नये म्हणून असलेली किल्ली) काढा, मग मोअर आडवा करून खाली बघा. बहुतेकदा ओल्या गवताचा हिरवा लगदा पात्याभोवती घट्ट थापलेला असतो. मोटरवर ताण येतो आणि संरक्षक सर्किट वीज तोडतं. लगदा खरवडा, पात्याला धार लावा, कापणीची उंची वाढवा. तरीही बंद पडला, तर त्याच मोअरला चालणारी दुसरी बॅटरी लावून बघा आणि मगच नवीन घ्यायचं ठरवा.