केट फोर्ब्ज 'ख्रिस्ती बाई' म्हणून हरल्या? मतांचे आकडे तरी बघा

फिरत फिरत तो मेसेज आता मावशीनेही घरच्या ग्रुपवर टाकला, वर 'सर्वांनी वाचाच' असं लिहून. म्हणे, २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या सत्ताधारी एसएनपीच्या (स्कॉटिश नॅशनल पार्टी) नेतेपदासाठी उभ्या राहिलेल्या केट फोर्ब्ज यांना केवळ ख्रिस्ती श्रद्धेमुळे आणि बाई असल्यामुळे पाडलं. त्यांच्या मुस्लिम प्रतिस्पर्ध्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही, पुरुषाला असं छळलंच नसतं, आणि पक्षाने त्यांना कायमचं संपवलं.

'मुस्लिमाला कुणी विचारलं नाही' हे यातलं सगळ्यात विषारी विधान. इथे या मेसेजला जो भाव मिळतोय तो त्याच्याच जोरावर, आणि नेमकं तेच धडधडीत खोटं आहे. स्कॉटिश संसदेने समलिंगी विवाहाचा कायदा ४ फेब्रुवारी २०१४ रोजी १०५ विरुद्ध १८ मतांनी मंजूर केला. फोर्ब्ज यांचे हे मुस्लिम प्रतिस्पर्धी, हमझा युसुफ, त्या मतदानाला गैरहजर होते. पाकिस्तानात ईशनिंदेबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका स्कॉटिश नागरिकासाठी आपण पाकिस्तानी वाणिज्य दूताला भेटायला गेलो होतो, असं त्यांचं म्हणणं. २०२३ च्या प्रचारात त्यांच्याच पक्षाचे माजी मंत्री ॲलेक्स नील यांनी उघड आरोप केला की ती भेट ठरवली गेली तीच मतदान टाळता यावं म्हणून, आणि त्यामागे धार्मिक दबाव होता. युसुफ यांनी इन्कार केला, पण नऊ वर्षांपूर्वीची एक गैरहजेरी प्रचारभर त्यांच्या मानगुटीवर बसली. समलिंगी संबंध पाप आहेत का, हेही त्यांना विचारलं गेलं. माझा समलिंगी विवाहाला पाठिंबा आहे आणि मी धर्मावरून कायदे करणार नाही, ही त्यांची भूमिका. ती पटो वा न पटो, 'प्रश्नच विचारला नाही' हे कुठून काढलं?

फोर्ब्ज यांना विचारलेला प्रश्नही श्रद्धेपुरता नव्हता. त्या आमदार झाल्या २०१६ मध्ये. २०१४ साली सभागृहात असता तर काय केलं असतं, असं मुलाखतीत विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं की विरोधात मत दिलं असतं. मिळालेले हक्क काढून घेणार नाही, हेही त्या म्हणाल्या. पण 'अमुक कायद्याविरुद्ध मत दिलं असतं' हे देवघरातलं खासगी मत नव्हे, मतदाराने तोलायचीच गोष्ट आहे. त्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या सनातनी प्रोटेस्टंट पंथाच्या आहेत हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. तरीही रिचर्ड लॉकहेड, टॉम आर्थर यांच्यासारख्या मंत्र्यांनी त्यांना पाठिंबा दिला होता. तो त्यांनी काढून घेतला या मुलाखतींनंतर.

पुरुषाला छळलं नसतं? टिम फॅरन हे नाव मेसेज लिहिणाऱ्याने ऐकलेलं दिसत नाही. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे हे तेव्हाचे ख्रिस्ती नेते. 'समलिंगी संबंध पाप का' हा प्रश्न २०१५ पासून त्यांच्या मागे होता, २०१७ च्या निवडणुकीत तर रोजचाच झाला. शेवटी पक्षनेता आणि निष्ठावंत ख्रिस्ती अशा दोन्ही भूमिका निभावणं मला अशक्य वाटलं, असं सांगून त्यांनी त्याच जूनमध्ये नेतेपद सोडलं.

आता मतं. पक्षाचे सदस्य उमेदवारांना पसंतीक्रम देतात; शेवटचा उमेदवार बाद झाला की त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. पहिल्या फेरीत युसुफ २४,३३६, फोर्ब्ज २०,५५९, तिसऱ्या उमेदवार ॲश रीगन ५,५९९. रीगन बाद झाल्यावर त्यांच्या मतांतली ३,३३१ फोर्ब्जना गेली, १,६९६ युसुफना, बाकीच्यांनी दुसरी पसंती दिलेलीच नव्हती. अंतिम निकाल ५२.१ विरुद्ध ४७.९ टक्के. फरक २,१४२ मतांचा. म्हणजे स्वतःचे विचार लपवून न ठेवताही या 'छळल्या गेलेल्या' बाईंना पक्षाच्या जवळपास निम्म्या मतदारांनी निवडलं, आणि तेही ज्या पदावर आधीची आठ वर्षं निकोला स्टर्जन ही बाईच होती त्या पदासाठी.

अर्धं खरं काय, तर लिंगभेदाचा वास काही ठिकाणी येतो, नाइलाजाने मान्य करतो. फोर्ब्ज तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मुलगी ऑगस्ट २०२२ मध्ये झालेली. लहान बाळ सांभाळून हे पद झेपेल का, ही कुजबुज झाली. युसुफही लहान मुलीचे वडील, पण त्यांच्या बाबतीत तो निवडणुकीचा मुद्दा ठरला नाही. लग्नाशिवाय मूल होऊ देण्याबद्दल काय वाटतं, हा फोर्ब्जना विचारलेला प्रश्नही पुरुष उमेदवाराला इतक्या सहज विचारला जात नाही. मेसेजने हे धरलं असतं तर त्यात काही दम होता. त्याऐवजी सगळं खापर युसुफच्या धर्मावर.

मेसेजमध्ये फोर्ब्जना 'भारतात वाढलेल्या' म्हटलंय, ते साधारण बरोबर. आईवडील मिशनच्या कामासाठी इथे असताना त्यांच्या बालपणाची काही वर्षं भारतात गेली.

आणि 'कायमचं संपवलं'? युसुफ पायउतार झाल्यावर पक्षनेते आणि मुख्यमंत्री म्हणून जॉन स्विनी आले, आणि मे २०२४ मध्ये त्यांनी फोर्ब्जना उपमुख्यमंत्री केलं. असे विचार असलेली व्यक्ती नेतेपदी चालेल का हे सदस्यांनी ठरवावं, असं २०२३ मध्ये सुनावणारे ते हेच स्विनी. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये फोर्ब्ज यांनी २०२६ ची निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं, तेव्हा मुलीच्या लहानपणाची वर्षं हुकू नयेत असं कारण दिलं. त्या वेळी त्या उपमुख्यमंत्रीच होत्या.