'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'स्पष्टवक्ता',

जन्मतःच थायरॉइड ग्रंथी कमी काम करणारी बाळं आणि त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "ताई, गूगलवर चार पेपर वाचून नव्या आयांना घाबरवू नका. तुमच्याच उंदरांच्या रक्तवाहिन्या नंतर भरून आल्या, हे तुम्ही शेवटी हळूच सांगता. वेळेत गोळी मिळाली की मुलं व्यवस्थित वाढतात. बाकी लेख फार लांब."

"ताई" म्हणायचं आणि त्याच दमात अक्कल काढायची, ही तऱ्हा मला नवी नाही. खरं नाव झाकून स्पष्टवक्तं होणं सोपं असतं, एवढंच म्हणते. राहिलं गूगल. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात माझी उभी हयात गेली. उंदराच्या मेंदूचे मायक्रोटोमवर काप काढायचे, काचपट्टीवर घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमधल्या चौकटीत किती केशवाहिन्या, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्या, येतात ते मोजत बसायचं. दुपारपर्यंत मान अवघडायची, डोळे मिटले तरी ती जाळी दिसत राहायची. तेव्हा केशवाहिनी म्हणजे काय, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

लेख लांब झाला, हे कबूल. माझ्या बहिणीचंही तेच मत पडलं.

आता ते "हळूच". लेखातला उंदरांचा पेपर स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधक गटाचा, २०१०चा. पिल्लांना जन्मापासून २१व्या दिवसापर्यंत पीटीयू दिलं. हे औषध थायरॉइडला संप्रेरक बनवू देत नाही. मेंदूतल्या बारीक वाहिन्या विरळ झाल्या, त्यांना फाटे कमी फुटले. वाहिन्यांना वाढायला लावणाऱ्या व्हीईजीएफ आणि एफजीएफ-२ या प्रथिनांचं गणितही बिघडलं. २२व्या दिवशी औषध थांबवलं, आणि ९०व्या दिवशी बघितलं तर जाळं पूर्ण भरलेलं. हा "पूर्ण" शब्द मी लेखात ठळक अक्षरांत दिला होता. लपवायची गोष्ट कुणी ठळक करतं का हो?

पण भरून आलं म्हणजे नेमकं काय झालं? उंदराचं पिल्लू अर्ध्या तयारीनिशी जन्माला येतं. माणसाच्या बाळाच्या मेंदूचं जे काम पोटात शेवटच्या महिन्यांत चालतं, त्यातलं बरंचसं पिल्लाचं जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत होतं. प्रयोगात नेमके तेच आठवडे कोरडे गेले. पेरणीला पाऊस दडी मारून बसला आणि दिवाळीला विहीर काठोकाठ भरली, तर शेतकऱ्याला "भरली की विहीर!" असं सांगायला जाल का? वाहिन्यांमुळेच बुद्धी मागे पडते, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. वाहिन्या आणि चेतापेशी दोघीही त्या दिवसांत एकाच संप्रेरकाकडे डोळे लावून असतात. त्यातल्या एकीची भरपाई झाली म्हणजे दुसरीचीही झाली, हे तुम्ही परस्पर ठरवलंत.

आणि उंदीर जाऊ द्या, माणसांचंच बोलू. आईचं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, वारेतून बाळापर्यंत पोचत असतं, म्हणून थायरॉइड कमी असलेली बहुतेक बाळं जन्मतः अगदी गोंडस दिसतात. माझी मुलगीही दिसायची. "एवढं छान बाळ, कशाला टाच टोचताय?" असं प्रसूतिगृहातल्याच एका ज्येष्ठ बाईंनी आम्हाला सुनावलं होतं. तरी तपासणीसाठी रक्ताचा थेंब घ्यायला टोचली, आणि टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) भलताच वर निघाला. मग रोज सकाळी दोन चमच्यांमध्ये थायरॉक्सिनची गोळी चुरडायची, माझ्याच दुधाच्या थेंबांत कालवायची आणि गालाच्या आतल्या बाजूला सोडायची. बाटलीत घातली तर अर्धी बाटलीलाच चिकटून राहते. आज ती सीएची परीक्षा देतेय आणि माझ्याशी तुमच्यापेक्षा बरा वाद घालते.

हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. "वेळेत" म्हणजे किती वेळात, हाच तर अख्खा लेख होता! जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू व्हावी लागते. तीन महिने उलटल्यावर सुरू झाली, तर बुद्धीचं नुकसान पुरतं भरून निघत नाही. म्हणून तर कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १९७४ पासून नवजात बाळांची सरसकट तपासणी होऊ लागली. आपल्या शेजारी गोव्यात सरकारने २००८ मध्ये ती सुरू केली. आपल्याकडे मात्र टाच टोचायची की नाही, हे अजून बऱ्याच ठिकाणी प्रसूतिगृहाच्या मर्जीवर आणि बापाच्या खिशावर ठरतं. घाबरवतंय कोण आणि गाफील ठेवतंय कोण, ते वाचकच बघतील.

"व्यवस्थित वाढतात" याबद्दल इटलीतल्या नेपल्सच्या गटाचा २००८चा पेपर वाचा. लहानपणापासून गोळी घेणाऱ्या तरुणांच्या मानेतल्या धमन्यांची भिंत त्यांना बरोबरीच्यांपेक्षा जाड आढळली, आणि ही काही चांगली खूण नव्हे. त्यावर इथे सविस्तर लिहायला घेतलं, तर पुन्हा लांबीची तक्रार कराल.

पुढचा लेख हृदयाच्या केशवाहिन्यांवर आहे. तोही उंदरांवरच्या प्रयोगांचाच, आधीच सांगून ठेवते.