पाटीवरच्या काड्या

घराला रंग दिला, तेव्हा दारावरची पाटीही नवी करायची टूम मीच काढली. इंग्रजीत 'नेने', चार अक्षरं. यात बिघडण्यासारखं होतं तरी काय?

पण बिघडवायला मी होतो ना! अक्षराचं वळण, म्हणजे टाइप, घरूनच ठरवून गेलो होतो : पोस्टर बोडोनी. 'ई'ची उभी दांडी पैलवानाच्या मांडीएवढी आणि आडव्या रेघा केसाएवढ्या. पायाशी सेरिफ, म्हणजे दांडीच्या टोकाची आडवी पट्टी, तीही केसाचीच. म्हणजे पैलवानाने दोऱ्याची चप्पल घालावी तशी. 'एन'चा कारभार उलटा. उभे पाय किडकिडीत आणि मधला तिरका सोटा जाड.

रिक्षांच्या नंबरप्लेटा करणारा कोपऱ्यावरचा रेडियमवाला स्क्रीनकडे बघून म्हणाला, "साहेब, ह्या बारीक रेघा सोलतानाच निघून येतील. एरियल बोल्ड टाकू? एकदम क्लीन दिसतं."

एरियल! मग मी त्याला ज्याच्या नावाचा हा टाइप, तो जाम्बात्तिस्ता बोडोनीच ऐकवला. १७६८ साली इटलीतल्या पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळायला गेलेला माणूस. १८१३मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या अक्षरनमुन्यांचा दोन खंडांचा ग्रंथ बायकोने तडीस नेला आणि १८१८मध्ये छापला. (घरी हे सांगितल्यावर ही म्हणाली, "माझ्याकडून असल्या अपेक्षा ठेवू नका.")

रेडियमवाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो रेडियमवर करायचा का?"

प्रश्न बिनतोड होता. बोडोनीकडे गुळगुळीत कागद होता, उत्तम शाई होती. शिवाय तेव्हा प्रत्येक आकाराचं अक्षर वेगळं कोरत, त्यामुळे लहान अक्षरांत बारीक रेघ जरा ठसठशीत ठेवता यायची. पोस्टर बोडोनी तर १९२९चं, रस्त्यापलीकडून वाचता यावं म्हणून जाडजूड केलेलं. आणि मी ते दीड इंचात कोंबत होतो.

पाऊण तास तो चिमट्याने रेडियम सोलत होता. मी श्वास रोखून उभा. पाटी लागली आणि खरंच, काय देखणी दिसली! अगदी मासिकाचं मुखपृष्ठ.

चौथ्या दिवशी कामवाल्या मावशींनी ओला फडका मारला. पहिल्या 'ई'ची मधली रेघ गेली. पंधरवड्यात दोन्ही 'एन'चे पाय गळाले. 'ई'च्या रेघा गेल्या, पण त्यांच्या टोकांचे जाड त्रिकोण तेवढे माश्या बसल्यासारखे अधांतरी राहिले. उरलं काय, तर एक तिरकी काडी, एक उभी, परत तिरकी, परत उभी. मावशी म्हणाल्या, "मी नाही हो काढलं, नुसता फडका फिरवला."

आता वॉचमन कुरियरवाल्यांना सांगतो, "दुसरा मजला, काड्यावाले."

शेवटी मराठीत पाटी करू म्हणून परत गेलो. मोबाइलवर एक सुरेख देवनागरी टाइप दाखवला. दांडा भक्कम, मात्रा नाजूक. रेडियमवाल्याने एकवार पडद्याकडे बघितलं, एकवार माझ्याकडे.

"साहेब, मात्रा पडल्या की 'नन' होईल."